खेड्यातलं कॉन्व्हेंट कुणाचं? पेनोलाच्या सिस्टरांची हकिकत

तुम्ही मेलबर्नहून ॲडलेडला जाताना वाट वाकडी करून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पेनोला गावी थांबलात, तिथली १८६७ सालची दगडी शाळा पाहिलीत, आणि परत आल्यावर चार गोष्टी विचारल्यात. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे शहरातली फी घेणारी इंग्रजी शाळा, मग एवढ्या आडगावात कॉन्व्हेंट कशाला? सरकारचा पैसा नाही, गाव गरीब, तर ते चालायचं कसं? जिने ते सुरू केलं त्या मेरी मॅकिलॉपला चर्चने आधी बहिष्कृत केलं आणि पुढे संत म्हणून गौरवलं, हे कसं? आणि तुमच्या आजोळी सिस्टरांचं असंच एक घर होतं, त्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करायची?

मी मूळची वसईची. आधी शाळेत इतिहास शिकवला, नंतर वीसेक वर्षं धर्मभगिनींच्या एका संघाचं जुनं दप्तर लावण्याचं काम केलं. मुलगी ॲडलेडला असते, म्हणून पेनोलाला दोनदा जाणं झालं. तुमचे पहिले तिन्ही प्रश्न खरं तर एकाच प्रश्नाचे फाटे आहेत: खेड्यातलं कॉन्व्हेंट कुणाचं? गावाचं, तिथल्या फादरांचं, बिशपांचं, की त्यात राहणाऱ्या बायकांचं? पेनोलाच्या सिस्टरांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आधी शब्दाबद्दल थोडं. कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचं राहतं घर. शाळा त्याच्या शेजारी असायची. आपल्याकडे घराचं नाव शाळेला चिकटलं आणि ‘मुलगी कॉन्व्हेंटला जाते’ असं आपण म्हणू लागलो. ऑस्ट्रेलियाच्या खेड्यात कॉन्व्हेंट म्हणजे बऱ्याचदा भाड्याची दोन-तीन खोल्यांची कुटी, एक चूल आणि प्रार्थनेचा एक कोपरा. शाळेलाही कित्येकदा वेगळी इमारत नसे. रविवारी ज्या खोलीत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, व्हायची, तिथेच सोमवारी बाकं मांडून वर्ग भरायचा.

आता पेनोला. फादर ज्युलियन टेनिसन वुड्स १८५७ मध्ये तिथे धर्मगुरू म्हणून आले तेव्हा त्यांचं वय होतं २४. त्यांच्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा) पसारा सुमारे २२,००० चौरस मैल सांगतात, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा. एवढ्या मुलखात एकटा धर्मगुरू, आणि वाहन म्हणजे घोडा. मेंढपाळ, शेतमजूर, आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेली कुटुंबं, सगळी एकमेकांपासून मैलोन् मैल दूर. वुड्स हे भूगर्भशास्त्राचे गाढे अभ्यासक. त्या भागातल्या गुहा आणि जीवाश्मांवर त्यांनी केलेलं काम आजही मानलं जातं. दगड पाहायला हिंडणाऱ्या या माणसाने वाटेतल्या घरांमधली मुलंही पाहिली. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि बाप्तिस्म्यापलीकडे धर्माचीही फारशी ओळख नव्हती.

शाळा काढायची तर पैसा कुठून आणायचा? दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५१ मध्येच धर्मसंस्थांना सरकारी मदत देणं बंद केलं होतं. तिथल्या वसाहतींमध्ये हे पाऊल टाकणारी ती पहिली. व्हिक्टोरियात धर्मसंस्थांच्या शाळांचं अनुदान १८७२ च्या कायद्याने गेलं, न्यू साउथ वेल्समध्ये १८८० च्या. कॅथलिक बिशपांना मुलं सरकारी शाळेत घालायची नव्हती, आणि स्वतःच्या शाळेतल्या मास्तरांना पगार द्यायला पैसे नव्हते. कॅथलिक शाळा पुढे शंभरेक वर्षं धर्मभगिनींच्या खांद्यावर का उभ्या राहिल्या याचं उत्तर इथेच आहे. पगार न घेता, आयुष्यभर शिकवायला तयार असलेली माणसं दुसरीकडे मिळणारच नव्हती. भक्तीचा भाग मोठा होताच, पण हिशेबाचा भाग वगळून हा इतिहास कळत नाही.

मग आयर्लंडहून सिस्टर्स का आणल्या नाहीत? काही शहरांमध्ये आणल्या गेल्या. पण युरोपातल्या जुन्या पद्धतीच्या कॉन्व्हेंटला मोठी वास्तू लागे, भोवती कुंपण लागे, रोजच्या मिस्सेसाठी जवळ धर्मगुरू लागे. आत दोन वर्ग असत. घरून पैसा घेऊन येणाऱ्या, शिकलेल्या भगिनी प्रार्थना म्हणत आणि शिकवत. रिकाम्या हाताने आलेल्या स्वयंपाक-धुणी करत. आठ-दहा घरांच्या वस्तीला हे परवडणारं नव्हतं. वुड्सनी फ्रान्समध्ये ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागात वेगळी पद्धत पाहिली होती. १६५० मध्ये ल प्यूई इथे सुरू झालेल्या संत योसेफच्या भगिनी खेड्यात लहान लहान घरांमध्ये, लोकांच्या शेजारी राहायच्या. तेच त्यांच्या मनात होतं. उणीव होती ती ते करून दाखवणाऱ्या बाईची.

ती मिळाली मेरी मॅकिलॉपच्या रूपाने. जन्म १५ जानेवारी १८४२, मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात. आईवडील स्कॉटलंडहून आलेले, आठ भावंडांत ही थोरली. वडील धर्मगुरू व्हायला शिकले होते, ते अर्धवट सोडून ऑस्ट्रेलियाला आले. माणूस विद्वान, पण पैसा हातात टिकायचा नाही. कुटुंबाला नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढावे लागले. मेरी १४ व्या वर्षी मेलबर्नमध्ये स्टेशनरीच्या दुकानात कारकून झाली. १८६० मध्ये पेनोलाला नातेवाइकांच्या घरी मुलांना शिकवायला गेली आणि घरच्या मुलांबरोबर शेतावरच्या मजुरांच्या मुलांनाही तिने पाटीपुढे बसवलं. तिथेच तिची आणि वुड्सची ओळख झाली. पण घर तिच्या कमाईवर चाललेलं, त्यामुळे धर्मभगिनी होण्याची मनातली इच्छा तिला आणखी काही वर्षं बाजूला ठेवावी लागली. मधल्या काळात तिने व्हिक्टोरियातल्या पोर्टलंड गावी शिक्षिकेची नोकरी केली.

१८६६ च्या सुरुवातीला वुड्सच्या बोलावण्यावरून ती ॲनी आणि लेक्सी या दोन बहिणींना घेऊन पेनोलाला परतली. शाळेसाठी जागा मिळाली ती एक जुना तबेला. भाऊ जॉनने तो डागडुजी करून बसण्याजोगा केला आणि पन्नासाहून अधिक मुलं आली. १९ मार्चला, संत योसेफच्या सणाला, मेरीने साधा काळा पोशाख घातला. ना मोठा विधी झाला, ना व्रतं. एका शिक्षिकेने कपडे बदलले, एवढंच. संघाचा जन्मदिवस मात्र तोच मानतात.

तुम्ही पाहिलेली दगडी शाळा त्यानंतरची, १८६७ ची. ती उभी राहिली त्याच वर्षी मेरी ॲडलेडला गेली, कारण ॲडलेडचे बिशप शील यांना वसाहतीच्या राजधानीतही तशीच शाळा हवी होती आणि वुड्सना त्यांनी कॅथलिक शिक्षणाचे प्रमुख नेमलं होतं. १५ ऑगस्ट १८६७ रोजी मेरीने व्रतं घेतली आणि ती सिस्टर मेरी ऑफ द क्रॉस झाली. पोशाख आता तपकिरी झाला. त्यावरून आणि संघाच्या नावातल्या जोसेफवरून (योसेफचं इंग्रजी रूप) लोक त्यांना प्रेमाने ‘ब्राउन जोईज’ म्हणू लागले.

वुड्स आणि मेरीने मिळून जी नियमावली आखली, तिच्यातल्या तीन गोष्टी नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यांतून निघतं. पहिली, संघाच्या नावावर मालमत्ता असणार नाही. दुसरी, सिस्टरांमध्ये वरचा-खालचा वर्ग नाही. शिकवणारी आणि चूल सांभाळणारी दोघी सारख्याच सिस्टर. तिसरी, सगळी घरं एका मध्यवर्ती प्रमुखाखाली, जिची निवड सिस्टर्स स्वतः करतील. कुठल्या सिस्टरला कुठे पाठवायचं हे ती ठरवणार. स्थानिक फादर किंवा त्या त्या धर्मप्रांताचे बिशप ठरवणार नाहीत.

तिसरा नियम कागदावर साधा दिसतो, पण खेड्यातलं कॉन्व्हेंट शक्य झालं ते त्याच्यामुळे. मी दप्तरात काम करताना हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. लहान घर म्हणजे दोन सिस्टर, फार तर तीन. एक आजारी पडली तर शाळा बंद. दोघींचं पटलं नाही तर घर बंद. गावाचं पीक बुडालं, खाण बंद पडली, रेल्वेचं काम पुढे सरकलं तर मुलंच उरत नाहीत. अशी घरं तगतात ती मागून कुणीतरी माणसं पुरवत असेल तरच. थकलेलीला बोलावून घेणारी, दुसरी पाठवणारी, एका घराची शिल्लक दुसऱ्या घराच्या तुटीला लावणारी मध्यवर्ती जागा लागते. प्रत्येक घर आपापल्या बिशपाच्या ताब्यात गेलं की हे येणं-जाणं धर्मप्रांताच्या सीमेवर थांबतं.

पैशाचं म्हणाल तर ज्याला जमेल त्याने फी द्यावी, ज्याला जमणार नाही त्याच्या मुलालाही घ्यावं, असा रिवाज होता. उरलेलं सिस्टर मागून आणत. दारोदार जाऊन अन्न आणि पैसे मागणं हा त्यांच्या जगण्याचा उघड भाग होता, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. नंतर बाजार भरवणं, जत्रा करणं हेही आलं. मेरीची आई फ्लोरा १८८६ मध्ये सिडनीला अशाच एका मदतीच्या बाजारासाठी बोटीने निघाली होती. ‘ली-ई-मून’ नावाची ती बोट ग्रीन केपच्या खडकावर फुटली आणि फ्लोरा त्यात गेली. गावातली फी तर कित्येक ठिकाणी वस्तूंच्या रूपानेही यायची. मी लावलेल्या वह्यांमध्ये फीच्या रकान्यात भात, केळीचे घड आणि सुक्या बोंबलांच्या नोंदी होत्या.

पियानोची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण स्थानिक इतिहास लिहिणारे ती हमखास विसरतात. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक कॉन्व्हेंटांना खरी रोकड मिळायची ती शाळेच्या फीतून नाही, संगीताच्या शिकवणीतून. गावातल्या दुकानदाराची, डॉक्टरची मुलगी, मग ती प्रॉटेस्टंट का असेना, सिस्टरांकडे पियानो शिकायला यायची आणि त्या पैशावर गरिबांची शाळा चालायची. मेरीच्या संघाच्या सुरुवातीच्या नियमात मात्र वाद्य शिकवायला मनाई होती. पियानो आला की पैसेवाल्यांच्या मुली येणार, त्यांच्यासाठी वेगळी वेळ, वेगळी खोली, आणि हळूहळू शाळा दोन थरांची होणार, हा त्यामागचा विचार. मला तो धाडसी वाटतो, कारण हातात येणारा पैसा त्यांनी जाणूनबुजून सोडला. पुढे बिशपांच्या आग्रहाने आणि गरजेपोटी संगीत त्यांच्याही घरांत आलं. तेव्हा तुम्ही एखाद्या जुन्या कॉन्व्हेंटचा जमाखर्च पाहाल तर संगीताचा रकाना कुठल्या साली उघडला ते पाहा. घराचं अर्थकारण कधी बदललं ते तिथे दिसतं.

आणखी एक अडचण होती, जी आज आपल्या लक्षात येत नाही. धर्मभगिनीचं आयुष्य रोजच्या मिस्सेवर उभं असतं. पण आतल्या भागातल्या वस्तीत धर्मगुरू कित्येक आठवड्यांतून एकदा यायचे. तोपर्यंत दोन सिस्टर आपापल्या प्रार्थना म्हणत, मुलांना आणि कधी मोठ्यांनाही धर्मशिक्षण देत राहायच्या. धर्मगुरू नसलेल्या गावात पॅरिश म्हणजे व्यवहारात त्या दोन सिस्टरच. युरोपात शिकून आलेल्या बिशपांना हे धोक्याचं वाटलं, आणि त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. कोवळ्या मुली, पाठीशी कुणी नाही, आजूबाजूला दारूचे गुत्ते. पण दुसरा मार्ग म्हणजे न जाणं. मेरीने जाणं निवडलं.

१८७१ पर्यंत सुमारे १३० सिस्टर आणि ४० हून अधिक शाळा व आधारगृहं झाली होती, दक्षिण ऑस्ट्रेलियात आणि क्वीन्सलंडमध्ये मिळून. पाच वर्षांत एवढी वाढ! तिच्यात दोषही होते. दाखल होणाऱ्या मुलींना पुरेसं प्रशिक्षण मिळत नव्हतं, आणि वुड्सनी कर्ज करून ठेवलं होतं. धर्मगुरूंच्या तक्रारी आल्या, त्यांतल्या काही खऱ्या होत्या. संतचरित्रं हा भाग घाईने उरकतात. तो ठेवायला हवा, नाहीतर पुढचा संघर्ष केवळ दुष्ट विरुद्ध सुष्ट असा होऊन बसतो.

तक्रारींमागे दुसरंही काही होतं. १८७० मध्ये कापुंडा गावच्या एका धर्मगुरूकडून मुलांचा लैंगिक छळ होत असल्याचं सिस्टरांच्या कानावर आलं आणि त्यांनी ते वुड्सपर्यंत पोहोचवलं. त्या धर्मगुरूला आयर्लंडला परत पाठवण्यात आलं. यामुळे काही धर्मगुरूंच्या मनात सिस्टरांबद्दल डूख राहिला आणि पुढच्या कारवाईत त्याचा हात होता, असं काही अभ्यासक मानतात. कितपत होता, यावर मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर ते एकमेव कारण नव्हतं. मूळ दुखणं तिसऱ्या नियमाचंच होतं.

बिशप शील यांनी संघाची नियमावली बदलायला घेतली. घरं स्थानिक धर्मगुरूंच्या देखरेखीखाली जावीत, सिस्टरांमध्ये शिकवणाऱ्या आणि कामकरी असे वर्ग पडावेत. म्हणजे तिन्ही नियमांपैकी दोन थेट मोडीत निघणार होते. मेरीने म्हटलं, ज्या नियमांवर मी व्रतं घेतली ते बदलले तर मला या संघात राहता येणार नाही. याला बिशपांनी आज्ञाभंग मानलं. २२ सप्टेंबर १८७१ रोजी त्यांनी तिला धर्मबहिष्कृत केलं. तेव्हा ती २९ वर्षांची होती. पाठोपाठ ४७ सिस्टरांना संघातून काढण्यात आलं आणि बऱ्याच शाळा बंद पडल्या.

हा बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला वाळीत टाकण्यावरून समजेल. कॅथलिकांनी तिच्याशी बोलू नये, तिला पवित्र सांक्रामेंत (चर्चचे संस्कार) मिळू नयेत. घर देणाऱ्यालाही भीती. त्या महिन्यांत सिस्टरांना राहायला घर दिलं ते इमॅन्युएल सॉलोमन या ॲडलेडच्या ज्यू व्यापाऱ्याने, आणि भाडं घेतलं नाही. जेजुइट या संघाच्या फादरांनीही मेरीची साथ सोडली नाही. तिने बिशपांविरुद्ध एकही जाहीर शब्द काढला नाही, आणि माघारही घेतली नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी करणं किती अवघड आहे हे ज्यांनी एखाद्या संस्थेत आयुष्य काढलं आहे त्यांना कळेल.

पाच महिन्यांनी, मरणशय्येवर असताना बिशप शील यांनी बहिष्कार मागे घ्यायला सांगितलं. २१ फेब्रुवारी १८७२ रोजी मॉर्फेट व्हेलच्या चर्चमध्ये तो उठवला गेला. १ मार्चला शील वारले. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नातलं एक वाक्य जरा बदलायला हवं. बहिष्कार सगळ्या चर्चने घातला नव्हता, एका बिशपाने घातला होता आणि त्यानेच तो काढला. नंतर रोमने नेमलेल्या चौकशीत मेरी निर्दोष ठरली.

पण प्रश्न मिटला नव्हता. १८७३ मध्ये ती एकटीने रोमला गेली. पोप नववे पायस यांची भेट झाली. तिने दिलेल्या निवेदनाचा गाभा असा होता की ऑस्ट्रेलिया युरोप नाही. तिथली अंतरं, तिथली विखुरलेली वस्ती पाहता घरं एका हाताखाली असली तरच ती जगतील. रोमने मध्यवर्ती कारभाराचं तत्त्व उचलून धरलं, पण मालमत्ता न ठेवण्याचा कडक नियम काढून टाकला. वुड्सना हे फार लागलं. ज्या दारिद्र्याच्या आदर्शावर त्यांनी संघ उभा केला तोच गेला असं त्यांना वाटलं, आणि दोघांची मैत्री पूर्वीसारखी राहिली नाही. मला इथे दोघांचंही पटतं. भाडेकरू सिस्टरांना कुणीही उद्या घराबाहेर काढू शकतो, हे मेरीने १८७१ मध्ये भोगलं होतं. पण घर नावावर झालं की घराची काळजी सुरू होते, हे वुड्सचं म्हणणंही पुढे खरं ठरलं.

१८७५ मध्ये ती आयर्लंडहून नव्या मुलींना घेऊन परतली आणि सिस्टरांनी तिला मुख्य प्रमुख निवडलं. त्यानंतरची दहा-बारा वर्षं एकाच वादाची आवर्तनं आहेत. न्यू साउथ वेल्समधल्या बॅथर्स्टच्या बिशपांना १८७२ पासून जवळच्या पर्थव्हिल गावी काम करणाऱ्या सिस्टर स्वतःच्या अधिकाराखाली हव्या होत्या. १८७६ मध्ये फूट पडली. मध्यवर्ती संघाच्या सिस्टर निघाल्या, काही मागे राहिल्या आणि त्यांच्यापासून बिशपांच्या हाताखालचा वेगळा संघ झाला. त्यांचा पोशाख काळा, म्हणून त्या काळ्या जोसेफाइट आणि या तपकिरी. क्वीन्सलंडच्या बिशपांशीही असंच झालं आणि १८८० पर्यंत सिस्टरांनी ते राज्य सोडलं. १८८३ मध्ये ॲडलेडच्या बिशप रेनॉल्ड्सनी, जे एके काळी तिचे पाठीराखे होते, मेरीलाच धर्मप्रांत सोडायला लावलं. ती सिडनीला गेली. तिथे १८८५ मध्ये तिची निवड अवैध ठरवून मदर बर्नार्ड यांना प्रमुख करण्यात आलं. मेरीने ते मान्य केलं आणि त्यांच्या हाताखाली काम केलं. १८८८ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी संघाला आणि त्याच्या मध्यवर्ती कारभाराला कायमची मान्यता दिली. ज्या गोष्टीसाठी ती भांडली ती मिळाली तेव्हा खुर्ची तिच्याकडे नव्हती.

बिशपांच्या हाताखालच्या काळ्या जोसेफाइटांनी खेड्यांची सेवा कमी केली असं मात्र समजू नका. पर्थव्हिलच्या सिस्टर न्यूझीलंडमध्ये वांगानुईपर्यंत पोहोचल्या, आणि न्यू साउथ वेल्सच्या कित्येक गावांत पिढ्यान् पिढ्या मुलं त्यांच्याकडेच शिकली. तपकिरी सिस्टर १८८३ मध्ये न्यूझीलंडच्या टेमुका या शेतीच्या गावात गेल्या. अनेक गावांत लोकांना आपल्या सिस्टर कुठल्या संघाच्या हे सांगता येत नाही, ‘जोसेफाइट’ एवढंच आठवतं. पोशाखाचा रंग विचारा, उलगडा होतो.

१८९९ मध्ये मेरी पुन्हा प्रमुख निवडली गेली. १९०२ मध्ये न्यूझीलंडमध्ये पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, तरी ती डाव्या हाताने पत्रं लिहीत राहिली. ८ ऑगस्ट १९०९ रोजी नॉर्थ सिडनीच्या कॉन्व्हेंटमध्ये ती गेली. तेव्हा संघात सुमारे ६५० सिस्टर होत्या आणि ११७ शाळांत १२,४०० च्या आसपास मुलं शिकत होती. १९ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सिडनीत तिला ‘धन्य’ घोषित केलं. ही संतपदाच्या आधीची पायरी. १७ ऑक्टोबर २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी रोममध्ये तिला संतपद दिलं. ऑस्ट्रेलियाची ती पहिली संत.

खेड्यातली ही घरं बंद कशी झाली तेही थोडक्यात सांगते. जुलै १९६२ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गोलबर्न गावात सरकारी अधिकाऱ्यांनी एका कॅथलिक प्राथमिक शाळेला आणखी शौचालयं बांधायला सांगितली. पैसे नव्हते. निषेध म्हणून गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळा बंद करून मुलांना सरकारी शाळांच्या दारात उभं करण्यात आलं. सिस्टरांच्या फुकट श्रमावर सरकार किती विसंबून आहे हे त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं. १९६३ मध्ये केंद्र सरकारने विज्ञानाच्या प्रयोगशाळांसाठी मदत जाहीर केली आणि सत्तरच्या दशकात नियमित अनुदान आलं. पगारी शिक्षक ठेवता येऊ लागले. त्याच सुमारास, कॅथलिक चर्चमध्ये मोठे बदल घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, संघात येणाऱ्या मुली झपाट्याने कमी झाल्या. शाळा बऱ्याच ठिकाणी टिकल्या, पेनोलालाही आज मेरीच्या नावाची शाळा आहे. पण शेजारच्या घरातले दिवे गेले.

आता तुमच्या आजोळच्या घराबद्दल. सगळ्यात आधी संघ कुठला ते नक्की करा. ‘सेंट जोसेफ’ या नावावर विसंबू नका. या नावाचे संघ अनेक आहेत आणि त्यांचे उगम वेगवेगळे. ल प्यूईच्या परंपरेतल्या, आजच्या फ्रान्समधल्या ॲनसी शहरच्या सिस्टर १८४९ मध्ये भारतात आल्या. त्यांचा आणि पेनोलाच्या सिस्टरांचा कारभाराच्या दृष्टीने काही संबंध नाही. संघ कळला की त्याची मुख्य मठी कुठे आहे ते शोधा. खेड्यातलं घर बंद झालं की त्याची कागदपत्रं तिथेच जातात, गावात राहत नाहीत. बिशपांच्या कार्यालयात पत्रव्यवहार मिळेल, पण तो तक्रारी आणि परवानग्यांचा असतो. रोजचं जगणं त्यात सापडत नाही.

घराची रोजनिशी मिळाली तर भाग्य. प्रत्येक घरात एक सिस्टर वर्षभराच्या ठळक घटना लिहून ठेवते. मात्र ती वही वरिष्ठ वाचणार हे लिहिणारीला ठाऊक असतं, म्हणून भांडणं तिच्यात नसतात. ती शोधायची बदल्यांच्या यादीत. एखादी सिस्टर वर्षाच्या मध्येच हलवली गेली असेल तर काहीतरी घडलं होतं. जमाखर्चाची वही मी नेहमी सर्वांत आधी उघडते. औषधांवरचा खर्च अचानक वाढला की घरात आजारपण, भाडं थांबलं की घर नावावर झालं, मेणबत्त्या कमी झाल्या की वीज आली. शाळेची हजेरी आणि दाखल-खारीज वही पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींशी ताडून पाहा. बाप्तिस्मा झालेली किती मुलं शाळेत पोचली आणि कितव्या इयत्तेत गळाली, मुली कधी गळाल्या, हे त्यातून निघतं. वडिलांच्या धंद्याचा रकाना सोडू नका. तुमच्या गावी भातलावणी आणि कापणीच्या महिन्यांत हजेरी किती घसरते ते मोजून ठेवा, आणि त्या महिन्यांत सिस्टरांनी शाळेची वेळ बदलली होती का ते रोजनिशीत पाहा.

आणि आजोळी सिस्टरांकडे शिकलेली कुणी म्हातारी बाई हयात असेल तर दप्तराआधी तिच्याकडे जा. सिस्टर चांगल्या होत्या का, असं विचारू नका, ‘हो’ म्हणून मोकळी होईल. त्यांच्या घराच्या आतल्या खोलीत कधी गेली होतीस का, तिथे काय होतं, स्वयंपाक कोण करायचं, पाणी कुठून यायचं, असं विचारा.